विषय: जूनमध्ये लेक डिस्ट्रिक्ट, सात माणसं, एकच घर

प्रेषक: सुमेधा, मुलुंड

नमस्कार मंडळी,

मँचेस्टर सोडून मुंबईला आल्याला बारा वर्षं झाली, तरी या मेलिंग लिस्टवरून मला कुणी काढलं नाही. गणपतीच्या वर्गणीची आठवण दर वर्षी येते. मी ती न चुकता वाचते आणि भरत नाही. तरीही आज मदत मागायची आहे.

जूनमध्ये आम्ही येतोय. आम्ही दोघं, दोन मुलं, सासू-सासरे आणि माझी आई. संदीपने एक्सेल केलीय: नऊ दिवसांत लंडन, बाथ, यॉर्क, एडिनबरा, आणि मध्येच कुठेतरी 'लेक डिस्ट्रिक्ट, अर्धा दिवस'. मँचेस्टरच्या उत्तरेचा तो तळ्या-डोंगरांचा अख्खा भाग, आणि अर्धा दिवस. सासूबाईंच्या गुडघ्यांना त्यात कुठलाच रकाना नाही. मला सात रात्री एकाच घरात राहायचंय, सकाळी उठून आपला आपण चहा करून घेता येईल अशा.

मँचेस्टरला पाच वर्षं असताना आम्ही तिथे तीनदा गेलो, तिन्ही वेळा सकाळी जाऊन संध्याकाळी परत. विंडरमिअरला पार्किंग शोधलं, आइस्क्रीम खाल्लं, बदकं बघितली, आलो.

तर राहायला विंडरमिअर गाव की केझिक? गाडी घ्यावी का? आणि सात जणांचा स्वयंपाक तिथल्या किचनमध्ये निभतो का?

सुमेधा

---

प्रेषक: मिलिंद, स्टॉकपोर्ट

सुमेधाताई,

वर्गणीचं नंतर बघू.

आधी तारखा. इथल्या शाळांना मेच्या शेवटी आठवडाभर सुट्टी असते. ती संपली की जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मुलं शाळेत. तुमच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात ना? म्हणजे मधले ते दिवस तुमची सुट्टी आणि यांची शाळा. तेच घर ऑगस्टमध्ये केवढ्याला मिळतं ते एकदा बघाच, मग जूनचा भाव गोड लागेल.

दुसरं, ही घरं सहसा आठवड्याच्या बोलीने देतात, शनिवार ते शनिवार किंवा शुक्रवार ते शुक्रवार. दुपारी चारच्या सुमारास किल्ली, निघायच्या दिवशी सकाळी दहाला घर रिकामं. त्यामुळे आधी घर ठरवा, मग विमानाचं तिकीट काढा. इथे येणारे बहुतेक जण उलटं करतात आणि बुधवारी उतरून शनिवारची वाट बघत हॉटेलात बसतात. व्हिसा हातात पडेपर्यंत घराचे पूर्ण पैसे मात्र भरू नका. बुकिंगला थोडे आणि उरलेले काही आठवडे आधी, अशी पद्धत असतेच.

पावसाची धास्ती घेऊ नका. तिथल्या बॉरोडेल खोऱ्यातल्या सीथ्वेट गावात वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे मुंबईपेक्षा बराच जास्त. पण एप्रिल ते जून हे त्यातल्या त्यात कोरडे महिने. जवळच्याच हॉनिस्टर खिंडीत ५ डिसेंबर २०१५ ला संपलेल्या चोवीस तासांत ३४१.४ मिलीमीटर पडला, तो या देशाचा विक्रम. सांताक्रूझचे २६ जुलै २००५ चे ९४४ ज्यांनी अंगावर घेतलेत त्यांना काय सांगायचं! तरी आईंना स्वेटर हवाच, आणि जाकीट वरून पाणी आत न सोडणारं. जूनमध्ये सूर्य पावणेदहाच्या सुमाराला मावळतो, तेव्हा शुभंकरोती कधी म्हणायची ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझं मत केझिक. विंडरमिअर इंग्लंडचं सगळ्यात मोठं तळं, सतरा किलोमीटर लांब, आणि गर्दीही तेवढीच. केझिक छोटं, चालण्याजोगं गाव आहे. डरवेंटवॉटर तळं चालत दहा-पंधरा मिनिटांवर, त्यात तळ्याला फेरी मारणाऱ्या लाँच. एका धक्क्यावर उतरा, पुढच्याने परत या. जुन्या रेल्वेमार्गावरून थ्रेल्केल्डपर्यंत सपाट वाट आहे, साधारण पाच किलोमीटर. गुडघेवाल्यांनी जमेल तेवढं जावं. मुलांना कॅटबेल्सचा डोंगर चढवा, ४५१ मीटर, आपल्या गडांसारखी दमछाक नाही. आणि ५५५ नंबरची बस पकडलीत की थर्लमिअर या धरणाच्या तळ्याच्या कडेने ग्रासमिअर गावाला. त्याच थर्लमिअरचं पाणी मँचेस्टरच्या नळाला येतं.

मिलिंद

---

प्रेषक: शैलाकाकू, पार्ले

सुमेधा,

मी गेल्या वर्षी मुलगा-सुनेबरोबर आठवडाभर राहून आले. किचनचं मला विचार.

बॅगेत पाच लिटरचा कुकर नेला, आत तांदूळ भरून, म्हणजे जागा वाया नको. तिथे बघते तर इंडक्शनची शेगडी! कुकर अ‍ॅल्युमिनियमचा. ठेवला की ती नुसती टुकटुक करायची आणि बंद पडायची. आठवडाभर तुरीच्या डाळीचं वरण नाही. मूग आणि मसूर पातेल्यात शिजवले, एवढंच. तर मालकाला आधी विचार, गॅस की इंडक्शन. इंडक्शन असेल तर फ्रिजवरचा मॅग्नेट कुकरच्या बुडाला लावून बघ. चिकटला तरच ने.

फोडणीचं दुसरं. मोहरी तडतडली की धुराचा अलार्म केकाटायचा आणि सून टॉवेल घेऊन त्याच्याखाली पंखा. मुलगा म्हणाला बॅटरी काढतो. मी काढू दिली नाही, परक्याचं घर आहे, आणि लाकडाचा जिना. खिडकी आधी उघडायची, पंखा लावायचा, तेल तापू द्यायचं नाही फार. सुक्या मिरच्या तळायचा विचारही करू नकोस.

तूप नेऊ नकोस! इथून दूध-दुभत्याचं काहीच नेता येत नाही, पेढे नाहीत, खव्याची पोळी नाही. माझी साजूक तुपाची बरणी विमानतळावर गेली, अजून जीव तुटतो. हापूसची पेटी आणि ताजा कढीपत्ता न्यायच्या आधी नियम बघ. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पोहे, कुळथाचं पीठ खुशाल ने. तूप मँचेस्टरला मिलिंदच्या बायकोकडून घे.

आणि 'आठ जणांसाठी' असं लिहिलं असेल तर खोल्या मोज. आमच्याकडे त्यातले दोघं हॉलमधल्या सोफ्यावर होते. जुनी दगडी घरं दिसतात गोड, पण तुळया खाली, मुलाला पहिल्याच रात्री टेंगूळ. न्हाणीघर वरच्या मजल्यावर आणि जिना असा उभा की मी रात्री पाणीच प्यायचं सोडलं. फोटोत किटली दिसते, फुलं दिसतात, जिना कुणी दाखवत नाही. तू जिन्याचा फोटो मागव. तळमजल्यावर एक झोपायची खोली आणि संडास असल्याशिवाय हो म्हणू नकोस.

शैलाकाकू

---

प्रेषक: संदीप, मुलुंड

एक्सेलवाला मीच. सात सीटची गाडी घेतली तर सगळे प्रश्न सुटतात, असं माझं म्हणणं.

---

प्रेषक: मिलिंद, स्टॉकपोर्ट

संदीप, सातही सीटवर माणसं बसली की डिकीत दोन छत्र्या मावतात. सात बॅगा कुठे ठेवशील? लायसन्स तुझं चालेल, डावी बाजूही आपलीच, पण तिकडचे बरेच रस्ते एका गाडीपुरते, दोन्हीकडे दगडी गडगे, आणि समोरून कुणी आलं की मागे जायचं. मँचेस्टर विमानतळावरून पेनरिथपर्यंत थेट रेल्वे आहे, तिथून केझिकला बस, पाऊण तास. मध्ये एखादा दिवस लागलीच तर टॅक्सी.

---

प्रेषक: सुमेधा, मुलुंड

मंडळी, ठरलं. केझिक, शनिवार ते शनिवार.

झालं असं की रात्री जेवताना मी तुमच्या मेल मोठ्याने वाचून दाखवत होते. सासरे पालिकेच्या पाणी खात्यातून रिटायर झालेत, उभा जन्म तानसा-वैतरणा केलेला माणूस. आमच्या घरी अजून जुलैमध्ये पेपर आला की आधी तलावांची पातळी वाचतात, मग बाकीचं जग. थर्लमिअर ऐकल्यावर घास हातात तसाच. म्हणाले, "ते १८९४ चं. आपलं तानसा १८९२ चं." मग पंप न लावता, नुसत्या उतारावर थर्लमिअरहून मँचेस्टरला दीडशे किलोमीटर पाणी कसं नेलं, हे ताटातल्या आमटीत बोट बुडवून टेबलावर काढून दाखवलं. तिथल्या लोकांनी त्या धरणाला केवढा विरोध केला होता, तेही त्यांना ठाऊक. शेवटी संदीपकडे बघून म्हणाले, "पाच वर्षं त्या धरणाचं पाणी प्यायलात आणि ते बघितलंही नाहीत?"

संदीपने काही न बोलता लॅपटॉप उघडला आणि बाथ आणि यॉर्क खोडलं. एडिनबरासाठी अजून भांडतोय.

शैलाकाकू, मालकीणबाईंनी जिन्याचा फोटो पाठवला. उभाच आहे, पण तळमजल्यावर खोली आणि संडास दोन्ही आहेत. तिथे तिन्ही मोठ्यांची सोय, एकाला घडीची कॉट. शेगडी गॅसची.

मिलिंद, वर्गणी कुठल्या खात्यात भरायची ते कळव, जमेल तेवढी मागचीही भरते. आणि बाबांनी विचारलंय, धरणाच्या भिंतीवर चालू देतात का?

सुमेधा