मदत हवी आहे: कोडेको फाइलची पोच येते, पण शिपिंग लाइन फाइल नाकारते

उरणकर
न्हावा शेव्याजवळच्या रिकाम्या कंटेनरांच्या यार्डातून शिपिंग लाइनला गेट-इन, गेट-आउटचे कोडेको (कंटेनर आत आल्याचे, बाहेर गेल्याचे संदेश) जातात. एडिफॅक्ट (अशा संदेशांचा ठरलेला साचा) डी.९५बी आवृत्ती, एएस२ (इंटरनेटवरून फाइली पाठवायची पद्धत) वरून. प्रत्येक फाइलला एमडीएन, म्हणजे पोहोचल्याची पोच, येतं. तरी काही फाइलींवर नंतर कंट्रोल संदेश (लाइनकडच्या तपासणीचा निकाल) येतो, त्यात यूसीएमला (एकेका संदेशाचा निकाल) कोड ४, म्हणजे नकार. कारण: यूएनटीतली (संदेशाचा शेवटचा सेगमेंट) सेगमेंटांची, म्हणजे संदेशातल्या ओळींची, संख्या जुळत नाही. यूएनएच (पहिला सेगमेंट) आणि यूएनटी दोन्ही धरूनच मोजलंय. बाकीच्या फाइली त्याच प्रोग्रामातून सुरळीत जातात. कुठे बघू?

जासई_नाका
एमडीएन म्हणजे पाकीट न फाटता पोहोचल्याची पोच. आतलं पत्र कुणी वाचलंय असं त्यावरून धरू नका.
तुमची मोजणी बरोबर असावी, सेगमेंट मात्र वाटेत फुटतोय. नाकारलेल्या फाइलींतले एनएडी (नाव-पत्ता) आणि एफटीएक्स (मोकळा मजकूर) हे सेगमेंट बघा. वाहतूकदाराच्या नावात डि'सूझासारखं आडनाव असलं, की त्यातलं ' हे चिन्ह समोरच्या पार्सरला (फाइल वाचणारा प्रोग्राम) सेगमेंटचा शेवट वाटतं. एकाचे दोन तुकडे होतात आणि संख्या एकाने वाढते. अशा चिन्हाआधी ? टाकायचं, म्हणजे ते साधं अक्षर धरलं जातं. मजकुरात +, : (घटक वेगळे करणारी चिन्हं) किंवा ? आलं तरी तेच. कंट्रोलमध्ये यूसीएस (चुकलेल्या सेगमेंटची नोंद) असेल तर कितव्या सेगमेंटला अडलं तेही कळेल.

उरणकर
अगदी तेच आडनाव निघालं, सगळ्या नाकारलेल्या फाइलींत! चारही चिन्हांसाठी बदल टाकला. तरी त्याच फाइलींवर तोच नकार.

जासई_नाका
आधी ' बदलून मग ? बदलताय का? तसं केलं तर ?' चं ??' होतं. पार्सर त्यातलं ?? हे मजकुरातलं एक प्रश्नचिन्ह समजतो आणि उरलेला ' पुन्हा सेगमेंट तोडतो. ? चं ?? सगळ्यात आधी करा, बाकीची तीन नंतर. आणि हे प्रत्येक घटकाच्या मजकुरावर, सेगमेंट जोडण्यापूर्वी. तयार फाइलवर चालवलंत तर खरे + आणि : सुद्धा निकामी होतील.

डेपो_ईडीआय
दुरुस्त फाइल पाठवताना यूएनबीचा (फाइलची सुरुवात) संदर्भ क्रमांक नवा द्या आणि यूएनझेडमध्ये (फाइलचा शेवट) तोच ठेवा. जुना राहिला तर बऱ्याच सिस्टिम ती दुबार समजून टाकून देतात. एमडीएनच आलं नसेल तेव्हा मात्र उलट: तीच फाइल, त्याच संदर्भाने, त्याच मेसेज-आयडीने. तिथे नवा क्रमांक दिलात तर एकाच कंटेनरचे दोन गेट-इन नोंदले जाऊ शकतात.
हात घातलाच आहे तर डीटीएम+७ (गेट-इन, गेट-आउटची वेळ) पण तपासा. २०३ फॉरमॅटमध्ये तारीख आणि तास-मिनिटं असतात, टाइमझोन नसतो. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर वेळ साडेपाच तास मागे पडते. पहाटे ५:३० च्या आत आलेला रिकामा कंटेनर आदल्या दिवशी परत आल्याचं दिसतं आणि डिटेन्शनचा (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) हिशेब एका दिवसाने चुकतो. हे कंट्रोल पकडत नाही, कारण व्याकरणात चूक नसतेच.

उरणकर
क्रम बदलला. अडकलेल्या फाइली नव्या संदर्भाने पाठवल्या, सगळ्यांना यूसीएममध्ये ७, म्हणजे स्वीकार, आला. सर्व्हर यूटीसीवरच आहे, आता पहाटेच्या जुन्या नोंदी काढतो. दोघांचेही मनापासून आभार.