मदत हवी आहे: दुसऱ्याचे डेटा पॅकेट गाळणाऱ्या (पुढे न पाठवणाऱ्या) गाड्यांना सहकार्याला कसं लावायचं?

सुमो (वाहतुकीचा सिम्युलेटर) आणि ओमनेटवर (नेटवर्कचा सिम्युलेटर) व्हॅनेटचं, म्हणजे गाड्यांनी आपसात बनवलेल्या वायरलेस नेटवर्कचं, सिम्युलेशन चालू आहे; रेडिओ ८०२.११पी (गाड्यांसाठीचं वाय-फाय मानक), राउटिंग जीपीएसआर (गाड्यांच्या ठिकाणावरून पॅकेटचा पुढचा टप्पा निवडणारं). काही गाड्या मुद्दाम स्वार्थी ठेवल्यात: स्वतःचे पॅकेट पाठवतात, दुसऱ्यांचे गाळतात.

शेजाऱ्याने पॅकेट पुढे पाठवलं का, हे ऐकून गुण देणारा वॉचडॉग लावला. पण गर्दीत कोलिजन झालं (एकाच वेळी पाठवलेले सिग्नल एकमेकांत मिसळून बिघडले) की प्रामाणिक गाडीही चोर ठरते! जशास तसंही (जो आपले पॅकेट पाठवतो, त्याचेच आपण पाठवायचे) करून पाहिलं. समोरून येणाऱ्या गाडीची गाठ काही सेकंदांची, परतफेड होणार कधी? पॅकेट पुढे पाठवल्याबद्दल क्रेडिट द्यावं, तर त्याचा हिशेब ठेवायला सहसा विश्वासू मध्यस्थ लागतो आणि ते काम करू शकणारी रस्त्याकडेची रेडिओ युनिट्स या मॉडेलमध्ये नाहीत. गोपनीयतेसाठी गाड्यांचे स्यूडोनिम (तात्पुरत्या ओळखी) बदलत राहतात, ते बंद करता येणार नाही.

मुद्दाम गाळलेलं आणि कोलिजनमध्ये हरवलेलं पॅकेट वेगळं कसं ओळखायचं? चॅनेल किती व्यस्त आहे त्यानुसार शिक्षेचा उंबरठा बदलला तर पुरेल, की दोन-तीन शेजाऱ्यांची साक्ष घ्यावीच लागेल?