मित्राला उसने पैसे देताना लिहून घ्यावे का?

जमाखर्च (धागाकर्ता)

मित्राला हातउसने पैसे द्यावेत की नाहीत, या वादात मला पडायचे नाही, कारण द्यायचे नाहीत असे ठरवून बसलेला माणूसही मित्राच्या आईला अतिदक्षता विभागात हलवल्याचा फोन आला की देतोच. माझा मुद्दा त्यापुढचा आहे. द्यायचे ठरल्यावर रक्कम, तारीख आणि परतीची मुदत लिहून घ्यावी आणि देणाऱ्याने हे संकोच न करता मागावे, असे माझे मत आहे.

उसनवारीत मैत्री तुटते ती पैसे बुडाल्यामुळे, असे आपण म्हणतो. पण बहुतेक वेळा ती त्याच्या बऱ्याच आधी, मुदतीबद्दल कोणीच न बोलल्यामुळे, नासलेली असते. ‘लवकरच देतो’ याचा अर्थ घेणाऱ्याच्या मनात दिवाळीचा बोनस असतो आणि देणाऱ्याच्या मनात पुढचा पगार. मधल्या काळात घेणाऱ्याने महाबळेश्वरचे फोटो स्टेटसला ठेवले, की देणारा ते एकेक करून पाहतो, मागे दिसणारे हॉटेल किती भाड्याचे असेल याचा अंदाज बांधतो आणि काहीही न लिहिता फोन बाजूला ठेवतो. ती सहल कदाचित मेहुण्याच्या खर्चाने झालेली असेल, पण ते विचारायचे कसे?

शिवाय कायदा संकोचासाठी थांबत नाही. मुदत न ठरवता दिलेल्या उसन्या रकमेसाठी दावा लावण्याची मर्यादा १९६३ च्या मुदत कायद्यानुसार पैसे दिल्यापासून ३ वर्षांची आहे. ती पहिल्यांदा मागणी केल्याच्या दिवसापासून मोजली जात नाही. या ३ वर्षांच्या आत घेणाऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर मात्र मुदत नव्याने सुरू होते. ‘यंदा त्याच्या मुलीचे लग्न आहे, पुढच्या वर्षी विचारू’ असे म्हणत राहिलेल्या भल्या माणसाचा हक्क त्याच्या भलेपणातच संपतो.

निवांत

मला हे अजिबात पटलेले नाही. कागद, जामीनदार, पगारपत्रक हे सगळे मागणाऱ्या बँका आणि पतसंस्था गल्लोगल्ली आहेत. तिथून हात हलवत परतलेला किंवा तिथे जाण्याइतका वेळच नसलेला माणूस मित्राकडे येतो, आणि येण्याआधी घराबाहेर दोन फेऱ्या मारून येतो. अशा वेळी त्याच्यापुढे रेव्हेन्यू तिकीट लावलेली वचनचिठ्ठी सरकवणे मला जमणार नाही. तुकोबांनी आपल्या घरच्या सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली, असे ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, तिथे आपण निदान दहा हजारांचा कागद तरी मागू नये.

माझी पद्धत साधी आहे. मित्राने लाख मागितले आणि माझी ऐपत पंधरा हजार सोडून देण्याची असेल, तर मी पंधरा हजार देतो, ते परत येणार नाहीत असे धरून चालतो आणि तो विषय पुन्हा काढत नाही. आले तर आनंदच आहे.

कारकून

निवांत, आपण तुकोबांचा दाखला दिलात, पण अर्धाच दिलात. परंपरेने सांगितलेल्या त्याच प्रसंगात खतांची आधी वाटणी झाली, धाकट्या भावाचा, कान्होबांचा, अर्धा हिस्सा त्यांच्या हाती दिला गेला आणि तुकोबांनी पाण्यात सोडली ती फक्त आपल्या वाट्याची खते. मला त्या गोष्टीत वैराग्याइतकाच हा व्यवहार महत्त्वाचा वाटतो. आपण जे पंधरा हजार ‘सोडून’ देता, त्यात पत्नीचा हिस्सा किती आणि तिला विचारले होते का? माझ्या पाहण्यातल्या उसनवारीच्या बहुतेक भांडणांत मित्र मित्राशी भांडलेलाच नाही. भांडण झाले ते घरात, शाळेची फी भरण्याच्या आठवड्यात.

दुसरे असे, की तुम्ही विसरलात म्हणून घेणारा विसरत नाही. तो तुमच्या घरच्या सत्यनारायणाला यायचे टाळतो, फोन दोनदा वाजला तरी उचलत नाही, आणि तुम्ही मात्र ‘मी तर विषयही काढला नाही’ म्हणून स्वतःवर खूश असता.

पतसंस्थेतला

थोडे अवांतर, पण ‘पैसे नाहीत, हवे तर जामीन राहतो’ ही पळवाट कोणी काढू नये. करार कायद्याप्रमाणे, कराराने वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले की आमच्याकडे पतसंस्थेत महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्याचा अर्ज होतो, त्यात जामीनदाराचेही नाव असते आणि त्याच्या पगारातून कपात सुरू होऊ शकते. उसने दिले तर निदान किती बुडतील हे देतानाच ठाऊक असते; जामिनकीत व्याज आणि वसुलीचा खर्चही मागून येतो.

आणि वीस हजार किंवा त्याहून मोठी रक्कम रोखीने देऊ नका. आयकर कायद्याला ती चालत नाही, आणि तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो तो घेणाऱ्याला, म्हणजे आपण ज्याला मदत करायला निघालो त्यालाच.

निवांत

कारकून, घरात विचारावे हे मान्य आहे आणि ते मी लिहायला हवे होते. कागदाबद्दलचे माझे म्हणणे मात्र तसेच आहे. जमाखर्च यांना मी सरळ विचारतो: चाळीस हजारांसाठी तुम्ही शाळेपासूनच्या मित्रावर खरोखर दावा लावाल का? वकिलाची फी, तारखा आणि गावात होणारी चर्चा हे सगळे पत्करून? लावणार नसाल, तर तो कागद पोकळ धमकी आहे. आणि लावणार असाल, तर आपण मैत्रीबद्दल बोलतच नाही आहोत.

जमाखर्च

नाही लावणार. पण दावा हा कागदाचा एकच उपयोग आहे असे आपण का धरता? उद्या घेणारा अचानक गेला, तर त्याच्या पत्नीला या व्यवहाराचा पत्ताही नसतो. तेराव्यानंतर जाऊन ‘वहिनी, माझे एवढे येणे आहे’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे, आणि तिने तरी त्यावर विश्वास का ठेवावा? वारसांची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते हे खरे; पण पुष्कळ कुटुंबांना गेलेल्याचे देणे फेडायचेच असते, त्यांना फक्त ते खरे आहे एवढे कळायला हवे. देणारा गेला तर अडचण उलटी होते आणि प्रामाणिक घेणाऱ्यालाच, आपण निम्मे फेडले होते, हे सिद्ध करता येत नाही.

वचनचिठ्ठी नको असेल तर नको. यूपीआयने किंवा बँकेतून पैसे पाठवा, शेऱ्याच्या जागी ‘उसने’ एवढा शब्द लिहा आणि मित्राकडून ‘मिळाले, अमुक महिन्यापर्यंत देतो’ असा एक संदेश मागून घ्या. यात कोणाचा अपमान होतो, ते मला समजून घ्यायचे आहे.

घेणारा

इथे सगळे देणाऱ्याच्या बाजूने बोलत आहेत, म्हणून लिहितो. दुकान बंद पडले तेव्हा मी दोन मित्रांकडून पैसे घेतले. एकाने हप्ता ठरवून डायरीत लिहायला लावले. दुसरा ‘अरे, सावकाश दे’ म्हणाला. पहिल्याचे राहिलेले हप्ते त्याच्या डायरीत आहेत आणि तरीही आम्ही रविवारी एकत्र भाजी आणायला जातो. दुसऱ्याच्या ‘सावकाश’चा अर्थ मला आजही लागलेला नाही, त्यामुळे त्याच्यापुढे नवा शर्ट घालून जायलाही मी कचरतो. निवांत, आपल्या मोठ्या मनाबद्दल आदर आहेच. पण परत न मागणारा माणूस घेणाऱ्याला फार जड जातो.

निवांत

आपला प्रतिसाद दोनदा वाचला. तरीही त्या डायरीत लिहिण्याची कल्पना आपल्याला सुचली असती तर मला अधिक आवडले असते. घेणाऱ्याने होऊन लिहून दिले, तर मी ते घेईन. मी होऊन मागणार नाही.

कारकून

आणि घरात विचारणार ना?