लायब्ररीतली डीव्हीडी अडकते तेव्हा

अमेरिकेतल्या लायब्ररीच्या डीव्हीडी मध्येच अडकतात, म्हणून आणणंच सोडलं, असं कुणीतरी लिहिलंय. सोडू नका! बहुतेक वेळा चऱ्यांपेक्षा बोटांचे ठसेच जास्त नडतात. डिस्क दिव्याखाली तिरकी धरली की लगेच दिसतात. कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ सुती कापड. पुसायचं मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ. गोल फिरवून पुसताना चरा पडला तर तो ट्रॅकच्या, म्हणजे डेटाच्या गोल फिरत जाणाऱ्या रेषेच्या, दिशेनेच जातो, सलग डेटा जातो आणि प्लेयरला तो भरून काढता येत नाही. भोकाकडून कडेकडे जाणारा, ट्रॅकला आडवा चरा सहसा निभावतो.

डेटा 0.6 मिमीच्या दोन चकत्यांमध्ये असतो, त्यामुळे वरवरचे चरे पॉलिशने जातात. भोकाजवळची भेग मात्र जात नाही. ती पडते डिस्क केसमधून ओढून काढल्याने. आधी मधलं बटण दाबा.

तरीही अडकली तर परतपेटीत टाकू नका, कितव्या मिनिटाला अडकते ते काउंटरवर सांगा. बऱ्याच लायब्रऱ्यांत पॉलिशचं मशीन असतं.

भारतातून नेलेला प्लेयर असेल तर वेगळीच अडचण: तिथल्या डीव्हीडीचा रीजन (ती कुठल्या देशांत चालेल तो आकडा) 1, आपल्या प्लेयरचा 5, त्यामुळे ती चालत नाही. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन फक्त 5 वेळा बदलता येतो.

एवढं करावं असा लायब्ररीचा संग्रह असतो. दिग्दर्शकाची कॉमेंटरी, वगळलेली दृश्यं स्ट्रीमिंगवर क्वचितच मिळतात. शाखेत नसलेला सिनेमा दुसऱ्या शाखेतून मागवता येतो, बहुधा फुकट.