गडचिरोली, सेवाग्राम की हिंगणा रोड? दुसऱ्या फेरीचा पसंतीक्रम

सुभाषनगरची_आई

नमस्कार. माझ्या मुलीला यंदा राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) पहिल्या फेरीत, इतर मागास प्रवर्गातून, गडचिरोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसची जागा मिळाली. आम्ही तेथे जाऊन प्रवेश घेतला, परंतु स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे मिळालेलीच जागा कायम ठेवण्याचा, अर्ज भरलेला नाही, त्यामुळे दुसऱ्या फेरीत भाग घेता येणार आहे. आमच्या नागपूरची दोन्ही शासकीय महाविद्यालये, मेडिकल आणि मेयो, तिच्या गुणांत बसत नाहीत, याबद्दल घरात दुमत नाही. प्रश्न उरलेल्या तीन नावांचा आहे : हाती असलेले गडचिरोली, वर्ध्याजवळील सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय आणि नागपुरातच हिंगणा रोडवरील एक खासगी महाविद्यालय, जे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशीच संलग्न आहे.

माझ्या यजमानांचे म्हणणे असे की मुलीने घरी राहावे, सुभाषनगरहून मेट्रोने लोकमान्यनगरला जावे आणि आपले वार्षिक उत्पन्न साडेसात लाखांच्या आत असल्याने मुलींच्या शुल्कमाफी योजनेचा लाभ घ्यावा. दीर म्हणतात की शासकीय जागा हातची सोडणे म्हणजे घरी आलेल्या लक्ष्मीला परत पाठवणे होय. मुलीला स्वतःला सेवाग्राम आवडले आहे. मला काळजी आहे ती एवढीच की नव्या महाविद्यालयात शिकवायला पुरेशी माणसे असतील का. ज्यांनी या संस्था आतून पाहिल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

डॉ_अजनी

ताई, मी मेडिकलमधून एमबीबीएस आणि पुढे मेडिसिनमध्ये एमडी केले. आता अजनीत प्रॅक्टिस करतो. आपण विचारलेल्या तिन्ही ठिकाणी विद्यापीठ एकच आहे, परीक्षा एकच आहे, आणि पुढे पदव्युत्तर प्रवेशासाठी नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा सर्वांनाच द्यावी लागते. म्हणून पदवीच्या कागदावर फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो वॉर्डात, आणि तेथेच आपण नीट पाहावे असे मी सुचवीन.

विद्यार्थी दुसऱ्या वर्षापासून क्लिनिकल पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात रुग्ण तपासायला शिकण्यासाठी, जातात. पोट तपासण्याचेच उदाहरण घ्या. रुग्णाच्या उजव्या बाजूला उभे राहायचे, हात गार असेल तर आधी चोळून गरम करायचा, उजव्या ओटीपोटापासून डाव्या बरगडीच्या दिशेने बोटे सरकवत न्यायची आणि रुग्णाला दीर्घ श्वास घ्यायला सांगायचे. वाढलेली प्लीहा (डाव्या बरगड्यांखालचा अवयव) असेल तर तिची कड श्वासाबरोबर खाली येऊन बोटांना लागते. पुस्तकात हे चार ओळींत आटोपते. ती कड एकदा स्वतःच्या बोटांना लागली की पुन्हा विसरत नाही, आणि ती लागण्यासाठी वॉर्डात तसा रुग्ण असावा लागतो, शेजारी उभा राहून ‘थोडे वर, आता दाबू नका’ असे सांगणारा शिक्षक असावा लागतो आणि त्या खाटेभोवती पंधरा-वीस विद्यार्थ्यांची गर्दी नसावी लागते. या तिन्ही गोष्टी एकत्र क्वचितच मिळतात. मेडिकलमध्ये आम्हाला रुग्ण उदंड होते, कारण सुमारे १४०० खाटांच्या त्या रुग्णालयात सगळ्या विदर्भातून, शिवाय बालाघाट, छिंदवाडा आणि छत्तीसगडमधूनही लोक येतात. गर्दीही तेवढीच होती.

गडचिरोलीत रुग्णांची वाण नाही. हिवताप, सिकलसेल, सर्पदंश, क्षयरोग, रक्तक्षयासह आलेली गरोदर स्त्री, हे सारे तेथील रोजचे वैद्यक आहे. मात्र ते महाविद्यालय २०२४ साली १०० जागांनी सुरू झाले आहे आणि जिल्हा रुग्णालयाच्या आधारावर उभे राहते आहे. आपल्या मुलीच्या पुढे मोजक्याच तुकड्या असतील. याचे दोन्ही बाजूंनी परिणाम होतात. निवासी डॉक्टरांची, म्हणजे वॉर्डात राहून पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांची, फळी नसेल तर सलाईन लावणे, टाके घालणे, प्रसूतीला हात लावणे ही कामे विद्यार्थ्यांच्या आणि इंटर्नच्या वाट्याला लवकर येतात. परंतु रात्री अकरा वाजता शंका विचारायला जो वरिष्ठ हवा असतो, तोही सापडत नाही. आमच्या वेळी निम्मे मेडिसिन आम्ही निवासी डॉक्टरांकडूनच शिकलो, हे मी आजही मानतो.

खासगी रुग्णालयाविषयी सरसकट मत देणे योग्य नाही. काही ठिकाणी ओपीडी भरलेली असते आणि शिक्षक अनेक वर्षे एकाच संस्थेत टिकून असतात, जे शासकीय बदल्यांमुळे सरकारी महाविद्यालयांत नेहमी घडत नाही. आपण कामकाजाच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास कोणालाही न कळवता जावे, केसपेपरच्या खिडकीसमोर किती रांग आहे ते पाहावे, मेडिसिन आणि स्त्रीरोगाच्या वॉर्डांतील किती खाटा खरोखर भरलेल्या आहेत ते पाहावे. नंतर कार्यालयात न जाता उपाहारगृहात बसलेल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे की शरीररचनाशास्त्रात एका मृतदेहावर किती जण होते आणि गेल्या महिन्यात वॉर्डात प्रत्यक्ष किती केसेस घेतल्या. ही उत्तरे मिळाली की संस्थेचे माहितीपत्रक वाचण्याची गरज उरत नाही.

हिशेबनीस_प्रतापनगर

वैद्यकीय बाजू डॉक्टरांनी मांडली आहे. माझी मुलगी खासगी महाविद्यालयात शिकते, म्हणून मी फक्त पैशाविषयी लिहितो.

राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच झालेला असावा लागतो आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठांना ही योजना लागू नाही. येथपर्यंत आपल्या यजमानांचा हिशेब बरोबर आहे. पण माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, अनामत, ग्रंथालय, बस अशी जी इतर आकारणी असते ती आपल्यालाच भरावी लागते, आणि शासनाची रक्कम महाडीबीटी या शासकीय पोर्टलवरून येईपर्यंत महाविद्यालयाचे कार्यालय पालकांकडेच तगादा लावते, असा माझा अनुभव आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा उत्पन्नाचा आहे. शिक्षण साडेचार वर्षांचे आहे (इंटर्नशिपचे एक वर्ष वेगळे), अर्जाचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते, आणि आपले उत्पन्न आजच साडेसात लाखांच्या जवळ आहे. यजमानांना दोन वेतनवाढी मिळाल्या तर आठ लाखांची मर्यादा ओलांडली जाईल, आणि मग खासगी महाविद्यालयाचे लाखांतील शुल्क तिसऱ्या-चौथ्या वर्षी अचानक अंगावर येईल. शासकीय महाविद्यालयात तशी वेळ आली तरी शुल्क मध्यमवर्गीय कुटुंबाला पेलण्यासारखे असते. तेथे पदवीनंतर एक वर्षाची सामाजिक जबाबदारी सेवा, म्हणजे शासनाच्या आरोग्यसेवेत सक्तीची नोकरी, करावी लागते आणि ती न केल्यास दहा लाख रुपये भरावे लागतात, हे खरे. पण त्या वर्षात वेतन मिळते आणि अनुभवही मिळतो, म्हणून मी ते ओझे मानत नाही. घरी राहिल्याने वसतिगृहाचा जो खर्च वाचेल, त्याच्या भरवशावर ही जोखीम घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

सेवाग्रामची_माजी_विद्यार्थिनी

आपल्या मुलीला सेवाग्राम का आवडले, हे आधी तिला विचारावे. झाडी आणि शांत परिसर पाहून आवडले असेल तर तेवढे पुरेसे नाही. ही संस्था १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी ग्रामीण भागासाठी डॉक्टर घडवायचे म्हणून सुरू केली आणि तो हेतू आजही दिनक्रमात दिसतो. नव्या विद्यार्थ्यांना पहिले पंधरा दिवस बापूंच्या आश्रमात शिबिरासाठी राहावे लागते, सूतकताई आणि श्रमदान करावे लागते, खादी वापरावी लागते. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे त्या गावातील काही कुटुंबे सोपवलेली असतात. माझ्याकडच्या एका घरातील आजी रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेत असत, कारण महिन्याची गोळ्यांची पाकिटे दोन महिने पुरवायची होती. ते मला चुलीजवळ बसून त्यांच्या सुनेने सांगितले. ओपीडीत त्यांनी ‘रोज घेते’ असेच सांगितले असते. रुग्णाच्या घरात जाऊन वैद्यक शिकणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले.

शिक्षकांच्या बाबतीत माझी काहीच तक्रार नव्हती. बहुतेक जण परिसरातच राहत, संध्याकाळीही वॉर्डात भेटत. शिस्त मात्र खरोखर पाळावी लागते आणि ज्या मुलींना ती जाचक वाटली त्यांची पाच-साडेपाच वर्षे कुढण्यात गेली. नागपूरपासून अंतर पाऊणशे किलोमीटर आहे, रेल्वेने येणे-जाणे सोपे आहे. तिला हे जीवन मनापासून हवे असेल तर गडचिरोलीच्या वर सेवाग्राम ठेवावे.

सुभाषनगरची_आई

तिघांचेही मनःपूर्वक आभार. उत्पन्नाचा मुद्दा यजमानांच्या लक्षात आला नव्हता आणि तो वाचल्यावर त्यांनी स्वतःच हिंगणा रोडचा आग्रह सोडला. मुलीशी काल बराच वेळ बोलले. खादीचे आणि शिबिराचे तिला आधीपासून ठाऊक होते, आणि गावातील कुटुंबांचे काम हेच तिच्या ओढीचे मुख्य कारण आहे, असे तिने सांगितले. आता शंका एवढीच आहे की पसंतीक्रमात सेवाग्राम पहिले लिहिले आणि ते मिळाले नाही, तर गडचिरोली हातचे जाईल का?

डॉ_अजनी

नाही, ताई. वरची पसंती मिळाली नाही तर आधीची जागा कायम राहते. वरची पसंती मिळाली तर मात्र आधीची जागा आपोआप रद्द होते आणि मग परत फिरता येत नाही. म्हणून गडचिरोलीच्या वर फक्त तेच महाविद्यालय लिहावे जेथे ती नक्की जाणार आहे. हिंगणा रोडचे नाव ‘असू द्या’ म्हणून वर ठेवले आणि तेच लागले, तर शासकीय जागा जाईल. गुण पुरतील की नाही या विचाराने क्रम बदलण्याची गरज नसते. जे सर्वांत हवे ते पहिले लिहावे. चंद्रपूर आणि गोंदिया यांचाही विचार करावा, कारण ती महाविद्यालये अनुक्रमे २०१५ आणि २०१६ पासून सुरू आहेत आणि तेथून तुकड्या बाहेर पडल्या आहेत.

सेवाग्राम लागल्यास हजर होण्याची मुदत थोडीच मिळते. मूळ कागदपत्रे गडचिरोलीला जमा असतील तर ती सोडवून आणायला एसटीने जाऊन-येऊन पूर्ण दिवस मोडतो, म्हणून यादी लागण्याच्या दिवशी कोणी मोकळे असेल याची सोय आधीच करून ठेवावी. जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्रांच्या प्रती, छायाचित्रे आणि धनाकर्षासाठी (डिमांड ड्राफ्ट) बँकेतील रक्कम तयार असू द्यावी.