मालगाडीचे फोटो काढायला रुळांकडेला जाणं : छंद की नसती उठाठेव?

घाटचढ्या

गेल्या रविवारी कसारा घाटात रस्त्याकडेच्या एका कठड्यामागे कॅमेरा लावून बसलो होतो. तिथून खाली रूळ दिसतात. सोबत मेव्हणा, डोक्यावर भलीमोठी गोल टोपी. पावणेतीन तासांत मेल-एक्स्प्रेस बऱ्याच गेल्या, पण मालगाडीला कुठलं आलंय वेळापत्रक? शेवटी कंटेनरचा रेक, म्हणजे एकाच मालाची सलग जोडलेली गाडी, चढताना दिसला. आधी पुढच्या इंजिनांचा आवाज, मग बराच वेळ नुसतं चाकांचं कण्हणं, आणि आता संपलं असं वाटेपर्यंत मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनांची घरघर. ३७ फुटांना एक फूट चढ आहे तिथे. मी खूश. मेव्हणा म्हणाला, "ह्यासाठी मला पहाटे पाचला उठवलंस?" फोटो घरच्या ग्रुपवर टाकला तर मावशीचं उत्तर : "वंदे भारतचा तरी काढायचास."

म्हणून हा धागा. माझं म्हणणं एवढंच, की वंदे भारतचे फोटो काढायला सगळा देश आहे. मालगाडी कोणी टिपत नाही, आणि आपण काय खातो, काय जाळतो, काय बांधतो ते सगळं तिच्यातूनच जातं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली, आठवतंय? पहिल्या फेरीला १० टँकर वाघिणी (मालडबे), प्रत्येकीत साधारण ५० हजार लिटर. राजस्थानातल्या कोटा शहराच्या रेल्वे कारखान्यात वाफेनं धुऊन आणलेल्या. लातूर स्टेशनात पोचलेल्या गाडीचे फोटो ढिगानं मिळतात. पण कुर्डुवाडी-बार्शीकडच्या करपलेल्या माळावरून पाणी घेऊन जाणारी तीच गाडी? मला आजवर एकही सापडला नाही. ती गाडी येणार म्हणून वाट बघत उभा राहिलेला माणूसच नव्हता.

तर, हा छंद आहे की रिकामटेकडेपणा?

चहाटपरी

रिकामटेकडेपणा. एक वाघीण पाहिली की पुढच्या ५७ पाहिल्यासारख्याच आहेत.

मनमाडकर

टपरीशेठ, तुम्ही वाघीण पाहिलीच नाहीत. आमच्याकडे पानेवाडीच्या तेल डेपोमुळे टँकरचे रेक लहानपणापासून दारात. वडील फाटकावर गेटमन होते, त्यांनीच नंबर वाचायला शिकवलं. प्रत्येक वाघिणीवर अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन ती कोणत्या रेल्वेची, त्यापुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार तिचे स्वतःचे, आणि शेवटचा एक आकडा, अख्खा नंबर बरोबर उतरवलाय का ते ताडून पाहायला. फाटक बंद असलं की आम्ही भावंडं आपल्या जन्मवर्षाची वाघीण शोधायचो. बहिणीची लवकर सापडायची, माझी कधीच नाही. बारावीपर्यंत वाट पाहिली.

आणि सगळ्या सारख्या कशा? मोटारगाड्या वाहून नेणाऱ्या जुन्या डब्यांच्या खिडक्या पत्र्यानं बंद केलेल्या दिसतात, कारण ते एकेकाळी प्रवासी डबे होते. कोणाच्या तरी आजोबांनी त्याच खिडकीतून हात हलवला असेल.

शंकासुर

भावना पोचल्या. आता कायदा बघू. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७ : परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२३ च्या जुलैत दूधसागरला रुळांवरून चालत जाणाऱ्या ट्रेकर्सना उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ सगळ्यांनी मिटक्या मारत पाहिला. कॅमेरा गळ्यात असला की तेच शिरणं 'दस्तऐवजीकरण' होतं काय? शिवाय रणगाडे लादलेला रेक आला तर तुमच्यातले किती जण कॅमेरा खाली ठेवतात?

घाटचढ्या

लष्करी रेक मी टिपत नाही. एकदा टिपला होता, तिथेच पुसला. आणि मी हद्दीत शिरत नाही हो. कठड्यामागे म्हणजे डांबरी रस्त्यावर.

जुना ब्रेक

मी ३१ वर्षं इंजिनात काढली, त्यातली निम्म्याहून जास्त मालगाडीवर. बाकीच्यांनी खालून काय दिसतं ते लिहिलं, मी वरून काय दिसतं ते लिहितो.

वळण सुटतं आणि चार-पाचशे मीटरवर खडीच्या कडेला एक माणूस वाकून उभा दिसतो. हातात कॅमेरा आहे की काय, हे एवढ्या लांबून कळत नाही. मला दिसतो तो फक्त वाकलेला माणूस. जीव द्यायला आलेलाही असाच उभा असतो. मागे भरलेल्या ५८ वाघिणी, पाच हजार टनांच्या घरात वजन. ब्रेक मारला तरी तो आधी पुढच्या वाघिणींना लागतो, मग मागच्यांना, आणि गाडी उभी राहीपर्यंत तो माणूस केव्हाच मागे गेलेला असतो. हातात उरतो फक्त हॉर्न. असिस्टंट खिडकीतून ओरडतोय, मी हॉर्नवर. आणि तो पठ्ठ्या हलत नाही, उलट अंगठा दाखवतो.

सेवानिवृत्तीनंतर नातवानं असे व्हिडिओ दाखवले. खाली लोक लिहितात, 'काय जबरदस्त हॉर्न दिलाय पायलटने!' अरे, तो हॉर्न सलामी नव्हता. माझ्या गाडीखाली किती आले, हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

अजून एक. चढणीवरचं इंजिन ओरडत येतं, ते कोणालाही ऐकू येतं. उतारावरून येणारं विजेचं इंजिन अंगावर येईपर्यंत कळत नाही, पावसात तर मुळीच नाही. शेजारी-शेजारी दोन मार्ग असले की एका गाडीच्या आवाजात दुसरी बुडते. कठड्यावाल्यांशी माझं भांडण नाही.

चहाटपरी

काका, शब्द मागे घेतो. म्हणजे 'रिकामटेकडेपणा' हा सौम्य शब्द मागे घेतो.

मांडवीकाठ

मला वेगळंच खुपतं. मुरगाव बंदरातून कोळसा भरून कुळे, कॅसलरॉकमार्गे कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणारे रेक आमच्या घरांच्या अंगणालगत जातात. 'गोंयांत कोळसो नाका' म्हणत लोक रस्त्यावर आले. २०२० च्या नोव्हेंबरात चांदरला माणसं रात्रभर रुळांपाशी जमली होती. आणि तुम्ही मंडळी दूधसागरच्या पुलावर धबधब्यासमोर तोच कोळशाचा रेक पकडता आणि खाली लिहिता, 'निसर्ग आणि यंत्र यांचा संगम'. माझी आई दोरीवरचे कपडे झटकते तेव्हा त्यातून काय पडतं, त्याचा फोटो काढा ना.

मनमाडकर

हे लागलं. पण ताई, वाघिणीवर ताडपत्री होती की नाही, हे सांगायलाही शेवटी रुळाकडेचा फोटोच लागतो ना?

मांडवीकाठ

लागतो. तसे फोटो आमच्याच पोरांनी काढले, मोबाइलवर. धुकं उतरेपर्यंत थांबून नाही.

घाटचढ्या

संगमवाल्या ओळींचा मलाही कंटाळा आहे, आणि दूधसागरचा तसा एक फोटो माझ्याकडेही आहे. धुकं उतरेपर्यंत थांबलो होतो, खोटं कशाला बोलू.

काकांचं मात्र शंभर टक्के मान्य. खडीवर पाय ठेवायचा नाही, विषय संपला. रस्ता, उड्डाणपूल, स्टेशनचा फलाट, एवढ्यात भागवायचं. कोन वाईट मिळाला तर मिळाला.

जुना ब्रेक

विषय संपला नाही. तू कठड्यामागे बसतोस, मग फोटोखाली जागेचं नाव टाकतोस. पुढच्या रविवारी तिथे दहा पोरं येतात. त्यांना कठडा पुरत नाही, खाली उतरायचं असतं. तुझा पाय खडीवर नाही, पण रस्ता तूच दाखवलास. जागा लिहू नकोस.

घाटचढ्या

काका, इथे मात्र अडलो. जागा आणि तारीख नसेल तर ती नोंद कसली? लातूरच्या पाण्याच्या गाडीचा फोटो उद्या मिळाला आणि खाली 'महाराष्ट्रात कुठेतरी' असं असेल, तर तो कॅलेंडरचा फोटो झाला. मग टपरीशेठ म्हणतात तसा रिकामटेकडेपणाच.

शंकासुर

पाच वर्षांनी जागा जाहीर करा. पुराभिलेखागारासारखं.

चहाटपरी

पाच वर्षं हा माणूस गप्प बसेल? त्याला मेव्हण्यासमोर पाच मिनिटं राहवलं नाही.

जुना ब्रेक

वायरीच्या खांबाचा नंबर लिही. प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि त्या किलोमीटरातला कितवा खांब, हे रंगवलेलं असतं. आम्ही कंट्रोलला तेच सांगायचो, 'अमुक खांबापाशी गुरं आहेत'. रेल्वेवाल्याला आणि तुझ्यासारख्या वेड्याला जागा बोटभर अंतरानं कळेल. रील करणारं पोर खांबाचे नंबर शोधत बसत नाही.

मनमाडकर

वा काका! वाघिणीचा नंबर, खांबाचा नंबर आणि तारीख. झाली की नोंद.

मांडवीकाठ

आणि आत काय भरलं होतं, तेही लिहा.

घाटचढ्या

लिहितो, ताई. काका, आत्ताच रविवारचा फोटो मोठा करून पाहिला. खांब अगदी मोक्याच्या जागी आलाय. नंबरावर मेव्हण्याची टोपी.