मदत हवी आहे: एमडी पेडिॲट्रिक्सनंतर लहान मुलांच्या इमर्जन्सीची फेलोशिप करावी का?

नमस्कार मंडळी. बालरोगात जेआर थ्री (एमडीच्या तिसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर) आहे, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी कॉलेजात. परीक्षा तोंडावर आहे, मग एक वर्षाचा बॉन्ड (सक्तीची सरकारी सेवा). त्यापुढचं काही ठरत नाहीये.

घरी आणि युनिटमध्ये सगळे एकच सांगतात: नीट-एसएस (सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा) दे, निओनॅटॉलॉजी घे, स्वतःचं एनआयसीयू (नवजात बाळांचं आयसीयू) टाक. मला करायचीय इमर्जन्सी. पीआयसीयू (मुलांचं आयसीयू) नव्हे, मूल दारातून आत येतं तो पहिला तास.

हे डोक्यात शिरलं गेल्या जूनमधल्या एका रात्री. चार वर्षांची मुलगी, विंचू चावलेला. हातपाय गार, दरदरून घाम, तोंडाला फेस. वाटेत कुणीतरी 'शॉक' समजून सलाईन धो-धो सोडलेलं, त्यामुळे छातीत दोन्हीकडे घरघर. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) वापरून दाखवलं ते ऐंशीच्या दशकात, आणि आमच्या कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये ती गोळी नव्हती! इंटर्न मेडिसिन वॉर्डात पळाला. डोससाठी वजन हवं, तर आई म्हणाली, "अंगणवाडीच्या कार्डावर चौदा लिहिलंय." पोरगी वाचली. पण आधी काय आणि मग काय, हे मी तिच्यावरच शिकलो.

तर विचारायचंय: एक वर्षाची फेलोशिप करून नोकरी मिळते का? की सरळ तीन वर्षं क्रिटिकल केअर करावं? आणि फेलोशिप घ्यायचीच तर हॉस्पिटल कसं पारखायचं?

रात्रपाळी:
मी केलीय, म्हणून आधी कडू ते सांगते. डीएम किंवा डीआरएनबी (क्रिटिकल केअरची तीन वर्षं करून मिळते ती) ही पदवी आहे, मेडिकल कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनमध्ये चढते. एक वर्षाच्या फेलोशिपचं सर्टिफिकेट तसं चढत नाही. प्राध्यापकी करायची असेल तर क्रिटिकल केअरच घे. मला नोकरी मिळाली ती मुलांची वेगळी इमर्जन्सी असलेल्या खाजगी हॉस्पिटलात, आणि अशी हॉस्पिटलं मोठ्या शहरांतच.

पारखायचं म्हणशील, तर ब्रोशर वाचू नकोस, रात्री दोनला जाऊन उभा राहा. कन्सल्टंट फ्लोअरवर आहे की फोनवर? श्वासाची नळी फेलो घालतो की भूलवाल्यांना बोलावतात? शीर मिळाली नाही तर हाडात सुई किती वेळात जाते? (पहिल्यांदा हाड भेदून सुई आत जाते तेव्हा हाताला एक 'कट्' लागतो. तो मॅनिकिनवर नीट कळत नाही.) आणि बोलस (झपाट्याने सोडलेलं सलाईन) देताना मध्ये कुणी यकृत चाचपतं का, ते बघ; पाणी जास्त झालं की ते वाढतं. २०११ च्या फीस्ट ट्रायलमध्ये, आफ्रिकेतल्या ३,१४१ तापाच्या मुलांत, बोलस दिलेल्यांत ४८ तासांत साधारण १०.५ टक्के दगावली, न दिलेल्यांत ७.३. तिथे व्हेंटिलेटर नव्हते हे खरं, पण तुझ्या विंचवाच्या केसमध्ये काय झालं ते तूच पाहिलंस. नुसती बाटली लटकवून पुढच्या बेडकडे जाणाऱ्यांकडे शिकू नकोस.

शेवटचं, आधीच्या फेलोला एकट्याला गाठून विचार: वर्षभर शिकलास की स्वस्तातला आरएमओ (वॉर्डातला ड्युटी डॉक्टर) होतास?

ओहायोकर:
इकडे अमेरिकेत यायचा विचार असेल तर हिशोब मोठा आहे. यूएसएमएलई (इकडची लायसन्सची परीक्षा), मग पेडिॲट्रिक्सची रेसिडेन्सी पुन्हा पहिल्यापासून तीन वर्षं, वर पीईएमची (मुलांच्या इमर्जन्सीच्या फेलोशिपची) तीन. तिकडची एमडी रेसिडेन्सीतून सूट देत नाही. जे-१ व्हिसावर आलास तर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट, शिवाय दिल्लीहून आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं. तीस-बत्तीसाव्या वर्षी पुन्हा इंटर्न व्हायची तयारी असेल तरच ये.

ओपीडीकर:
बाळा, तालुक्याला प्रॅक्टिस करतो, तीस वर्षं झाली. सर्टिफिकेटचं नंतर बघ. उद्या तुमच्या ट्रेमध्ये प्राझोसिन ठेवून घे आधी.

धागाकर्ता:
काका, ते दुसऱ्याच दिवशी ठेवलं. सिस्टरनी डब्यावर मार्करने 'विंचू' लिहिलंय.
ताई, अमेरिका बाद. बॉन्ड लागण्याआधी सुट्टी मिळतेय, पुण्यात दोन ठिकाणी रात्री उभा राहतो. ओळखीशिवाय आत घेतील का? कुणाला पत्र लिहायचं, एचओडीला की एचआरला?

रात्रपाळी:
एचओडीला. मेल कर, आणि त्यात त्या विंचवाच्या रात्रीबद्दल चार ओळी लिही. मार्क लिहू नकोस.